जुन्या कागदांतील जमातींचीं नांवें व संपादकाचें कर्तव्य

मोडी दफ्तरांच्या याद्या करितांना एक प्रश्न वरचेवर उपस्थित होतो. मूळ कागदांत एखाद्या जमातीविषयीं तुच्छतादर्शक शब्द आला असेल, तर संपादकानें काय करावें? शब्द बदलावा तर पाठ भ्रष्ट होतो. तोच मथळ्यांत घ्यावा तर जुन्या लेखकाचा तिरस्कार आपल्या मुखीं येतो. या प्रश्नाचा विचार येथें थोडक्यांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दांचें मूळ पाहूं. ‘म्लेच्छ’ हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ अस्पष्ट बोलणें असा आहे. ज्याची भाषा आपणांस कळत नाहीं तो म्लेच्छ. ग्रीकांचा ‘बार्बरॉस’ हा शब्दही याच मार्गानें जन्मला. उणीव ऐकणाराच्या कानाची, ठपका मात्र बोलणाराच्या कुळास! ऐतरेय ब्राह्मणांत आंध्र, पुंड्र, शबर, पुलिंद व मूतिब यांस दस्यूंत गणिलें आहे. अमरकोशांत किरात, शबर व पुलिंद हे म्लेच्छांचे भेद म्हणून येतात. यांत ‘शबर’ हें लोकांचें नांव होय; ‘दस्यु’ आणि ‘म्लेच्छ’ हे ग्रंथकारांचे अभिप्राय होत. नांव आणि अभिप्राय यांतील हा भेद ध्यानांत ठेविला कीं पुढील वाट बरीच सुकर होते.

नांवांतही दोन प्रकार आहेत : शेजाऱ्यांनीं ठेविलेलें व स्वतः घेतलेलें. गोंड लोक आपल्या बोलींत स्वतःस ‘कोइतूर’ म्हणतात, उरांव ‘कुडुख’ म्हणतात, संथाळ ‘होड’ म्हणजे माणूस असें म्हणतात. उत्तर ध्रुवाकडील ‘इनुइट’ या शब्दाचा अर्थही ‘लोक’ असाच असून १९७७ सालीं त्यांच्या परिषदेनें ‘एस्किमो’ हें परकें नांव सोडून तो स्वीकारिला. तथापि अलास्कांतील यूपिक लोक इनुइट नव्हेत. म्हणून जुना शब्द खोडून सर्वत्र एकच नवा लिहिणें हाही प्रमादच. उलट पक्षीं परक्यांनीं दिलेलें प्रत्येक नांव अपमानकारक असतें असेंही नाहीं. ‘गोंड’ हें नांव त्या लोकांनीं अभिमानानें धारण केलें आहे. तेव्हां निर्णय व्युत्पत्तीनें होत नाहीं. ज्यांचें नांव त्यांसच विचारावें लागतें.

समूहवाचक शब्दांचा इतिहासही असाच आहे. छोटा नागपुरांत १९३८ सालीं आदिवासी महासभा स्थापन झाली. पुढें संविधानसभेंत जयपालसिंग मुंडा यांनीं ‘बनजाति’ हा शब्द नाकारून ‘आदिवासी’ शब्दाचा आग्रह धरिला. आज ‘अनुसूचित जमाती’ हा शब्द रूढ आहे. पण तो कायद्याचा असून १९५० नंतरचा आहे. पेशवाईंतील कागदाच्या सारांशांत तो घालणें म्हणजे कालविपर्यास होय.

रामोशांच्या बाबतींत अधिक सावधगिरी पाहिजे. १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची वाट मोकळी झाली. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला व त्या जमातींस ‘विमुक्त’ म्हणूं लागले. परंतु ‘गुन्हेगार जात’ हे शब्द आमच्या सूचींतून अद्यापि गेले नाहींत. १८३२ सालीं पुण्यास फांशीं गेलेले उमाजी नाईक यांचें नांव घेतांना ‘नाईक’ हा मान गाळून ‘दरोडेखोर’ हें इंग्रजी अंमलाचें विशेषण मात्र ठेवावें, ही कोणती इतिहासनिष्ठा?

आमचीच चूक सांगतों. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आम्हीं एका खाजगी संग्रहाची यादी केली. तींत डोंगरांतील दळी जमिनींसंबंधीं कांहीं अर्ज होते. अर्जांवरील कारकुनी शेऱ्यास अनुसरून आम्हीं ‘रानटी लोकांच्या तक्रारी’ असा मथळा दिला. आमचा एक जुना विद्यार्थी, कातकरी समाजांतला, आपल्या वाडीचा पूर्ववृत्तांत शोधीत आला. त्यानें सूचींत ‘कातकरी’ व ‘काथोडी’ हीं दोन्ही नांवें पाहिलीं आणि रित्या हातानें परतला. चूक ध्यानांत येतांच आम्हीं त्यास बोलावून तो रुमाल पुढें ठेविला. अर्जांत त्याच्याच वाडीचें नांव होतें. मथळा वाचून तो एवढेंच म्हणाला, “गुरुजी, आमचं नाव ह्या शब्दाखाली शोधायचं, हे मला कसं सुचावं?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

यावरून आम्ही पुढील रीत पाळूं लागलों. मूळ पाठांतील एक अक्षरही बदलूं नये. कटु शब्द असेल तर तो अवतरणांत तसाच द्यावा. मथळा, सारांश व सूची हीं मात्र संपादकाचीं स्वतःचीं असतात. तेथें त्या लोकांस मान्य असलेलें नांव योजावें, आणि जमात निश्चित ठाऊक असेल तर मोघम शब्द वापरूं नये. जुनीं नांवें व रूपें ‘पाहा’ अशा निर्देशानें सूचींत राखावीं, म्हणजे शोधकाचा मार्ग खुंटणार नाहीं. कागदानेंच दिलेला मान आपण हिरावून घेऊं नये.

ज्यांच्यापाशीं असे संग्रह आहेत त्यांनीं आपल्या याद्या एकवार या दृष्टीनें चाळाव्या, अशी आमची विनंती आहे. कागद आपण वाळवीपासून राखितों. पण ज्यांच्या पूर्वजांचा तो आहे त्यांस तो सांपडला नाहीं, तर राखून काय साधलें?