सॅक्सोफोनला राग शिकवणारा गोवेकर

सोलापुरात सॅक्सोफोन आम्हाला भेटला तो लग्नाच्या बँडमध्ये. बाळीवेशीतून वरात निघाली की माझे कान आधी त्याच्याकडे जातात. त्याचं अंग पितळेचं, पण आवाज सनईसारखा पातीच्या कंपनातून निघतो; म्हणून मींड त्याला शोभते. बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ सॅक्स यांनी १८४६मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

ब्राझ गोन्साल्विस या गोवेकराने त्यावर आपले राग आणले. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलं नोटेशन आणि व्हायोलिन शिकत. तिथूनच मुंबईच्या हॉटेलांना जॅझवादक मिळाले, हिंदी सिनेमाला वाद्यवृंद मिळाला. संगीतकार सी. रामचंद्रांचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे गोन्साल्विस यांचे सासरे. गोन्साल्विस मात्र अमेरिकी धून गिरवत बसले नाहीत. रागाची चौकट धरून त्यांनी जॅझची उपज केली, पियानोवर लुई बँक्स. माझ्या मते हे धाडस सिनेमातल्या सगळ्या सॅक्सोफोनपेक्षा मोठं आहे.

अर्जेंटिनात आस्तोर पियाझोला यांनी टँगोचं असंच केलं. १९५४मध्ये ते पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे रचना शिकायला गेले. बाईंनी त्यांना टँगोच धरायला सांगितलं. नाचाचं संगीत त्यांनी बसून ऐकण्याचं केलं, त्यात जॅझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय रचना मिसळली. जुने टँगोवाले भडकले. १९७४मध्ये सॅक्सोफोनवादक जेरी मलिगन यांच्यासोबत त्यांनी ध्वनिमुद्रिका काढली.

आपल्या लग्नाच्या बँडमधली पोरंही दमदार वाजवतात; त्यांनाही असं बसून ऐकायला हवं. हुतात्मा स्मृतिमंदिराच्या रंगमंचावर त्यांना एक संध्याकाळ द्या, आणि फर्माईश न करता ऐका.