सुईतील वीज, तणावाचे संप्रेरक आणि स्मृती

बारीक सुया त्वचेत टोचून त्यांतून अल्प विद्युतप्रवाह सोडण्याची इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर ही पद्धत वेदनाशमनासाठी अधिक ओळखली जाते. तिचा स्मृतीशीही संबंध असावा, हा विचार पुढे आला तो संप्रेरकांमुळे, म्हणजे ग्रंथींतून थेट रक्तात मिसळणाऱ्या रासायनिक संदेशवाहकांमुळे.

मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या आठवणी पक्क्या करतो आणि नेमका हाच भाग तणाव-संप्रेरकांच्या प्रभावाखाली असतो, हे 1968 साली शास्त्रज्ञ ब्रूस मॅक्इवेन यांनी उंदरांच्या मेंदूत दाखवून दिले. संकट ओढवले की मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना इशारा देते, त्यामुळे रक्तात कॉर्टिसॉल हे तणाव-संप्रेरक वाढते, आणि गरज सरल्यावर ही साखळी आवरण्यास हिप्पोकॅम्पसच हातभार लावतो. तणाव दीर्घकाळ टिकला, तर मात्र तेथील चेतापेशींच्या शाखा आखडतात आणि आवर घालणाराच दुबळा होतो.

इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर या साखळीत हस्तक्षेप करू शकते, असे प्राण्यांवरील प्रयोग सुचवतात. माणसात गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला ‘झूसानली’ नावाचा बिंदू मानतात. उंदराच्या मागच्या पायावरील तशाच बिंदूवर ही प्रक्रिया केल्यास थंडीच्या सततच्या ताणामुळे होणारी तणाव-संप्रेरकांची वाढ रोखली जाते, असे जॉर्जटाउन विद्यापीठातील संशोधकांना 2013 साली आढळले. भलत्या जागी टोचलेल्या सुईने तसे घडले नाही. पुढे 2021 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने जागेनुसार फरक का पडू शकतो, हेही दाखवले: मागच्या पायात खोलवर असलेल्या विशिष्ट चेतातंतूंमार्फत सौम्य प्रवाहाचा संदेश व्हेगस चेतेवाटे अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचतो, तर पोटावरील बिंदूवरून तो पोहोचत नाही. जागा महत्त्वाची ठरते, ही या संशोधनाची सर्वांत मोलाची देणगी होय.

संप्रेरकांवरील या परिणामाचा स्मृतीला फायदा होतो का, हे पाहण्यासाठी उंदरांची स्मृती पाण्याच्या हौदात तपासतात. गढूळ केलेल्या पाण्याखाली दडवलेला चौथरा उंदराला आसपासच्या खुणा आठवून शोधावा लागतो, आणि तेथवर पोहोचण्याचा वेळ रोज मोजतात. ताणग्रस्त उंदरांना उपचारानंतर चौथरा लवकर सापडल्याचे काही प्रयोगांत दिसते. परंतु त्यावरून माणसाची विसराळूपणाची तक्रार दूर होईल, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सुई टोचल्याचा विश्वासच माणसावर परिणाम करतो, आणि तो वेगळा काढणे अवघड असते.

म्हणून स्मृती उणावत असल्याचे जाणवल्यास थायरॉइड आणि बी-12 जीवनसत्त्वाची तपासणी आधी करून घ्यावी, कारण त्यांतील बिघाड उपचाराने दूर होऊ शकतात. आणि हृदयात पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर घेऊ नये.