वाढते शहर, गोठलेली गणती

बेंगळुरूत आज नेमके किती लोक राहतात, याचे अधिकृत उत्तर कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. २०११ च्या जनगणनेत या नागरी समूहात सुमारे ८५ लाख लोक मोजले गेले. २०२१ ची गणना झालीच नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये केलेल्या अनुमानानुसार २०२० मध्येच ही लोकसंख्या १ कोटी २३ लाखांच्या घरात जाणार होती. म्हणजे शेवटची गणती आणि हे अनुमान यांच्यातील अंतर २०११ मधील संपूर्ण पुणे शहराच्या लोकसंख्येहून मोठे आहे. एवढ्या माणसांचे पाणी, शाळा आणि दवाखाने अंदाजावर चालले आहेत.

बेंगळुरूची वाढ नेहमीच टप्प्याटप्प्याने, पण झेप घेत झाली. १९४१ मध्ये शहर आणि छावणी मिळून चार लाखांच्या आसपास असलेली वस्ती १९५१ मध्ये पावणेआठ लाखांवर गेली. हिंदुस्थान एरोनॉटिक्स, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज यांसारखे सार्वजनिक उद्योग येथे आले आणि त्यांच्यामागे कामगारही आले. १९७१ ते १९८१ या दशकात लोकसंख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. माहिती तंत्रज्ञानाचे युग त्यानंतरचे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीमुळे लाभलेली सौम्य हवा हे या शहराचे जुने आकर्षण खरे; परंतु माणसे खेचून आणली ती रोजगाराने.

ही वाढ जन्मदराची नाही, हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार कर्नाटकातील एकूण जननदर १.७ आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ या पातळीखाली तो केव्हाच गेला. तरीही २००१ ते २०११ या काळात बेंगळुरू नागरी जिल्ह्याची लोकसंख्या ४७ टक्क्यांनी वाढली. हा भार मुख्यतः स्थलांतराचा. उत्तर कर्नाटकातील कोरडवाहू जिल्ह्यांतून आणि बिहार, ओडिशा, आसामपासून येणारा बांधकाम मजूर इमारत पूर्ण झाली की दुसऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये जातो. मतदारयादी आणि शिधापत्रिकेत त्याचे नाव बहुधा गावीच राहते. कुटुंबनियोजनाची धोरणे या वाढीला लागू पडत नाहीत. तिला घरे, नळ आणि नोंदणी लागते.

वाढीचे दुसरे कारण कागदावरचे आहे. २००७ मध्ये सात नगरपालिका, एक नगरपंचायतवजा पालिका आणि ११० गावे जोडून बृहत् बेंगळुरू महानगरपालिका स्थापन झाली. क्षेत्रफळ सुमारे २२६ चौरस किलोमीटरवरून सातशेच्या पुढे गेले. महापालिकेची लोकसंख्या दहा वर्षांत ४३ लाखांवरून ८४ लाखांवर पोहोचली, त्यात ही हद्दवाढ मोठी होती. गावे शहरात आली. नळ मात्र त्यांच्यामागे आले नाहीत. कित्येक वर्षे त्यांची तहान कूपनलिका आणि टँकर यांनीच भागवली.

चुकीच्या मोजणीची किंमत किती असते, हे कावेरीच्या वादात दिसले. लवादाने २००७ च्या अंतिम निवाड्यात बेंगळुरूची पाण्याची गरज ठरवताना शहराचा केवळ एकतृतीयांश भाग कावेरी खोऱ्यात येतो असे धरले. शिवाय निम्मी गरज भूजलातून भागेल असे मानले. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा दृष्टिकोन नाकारला आणि कर्नाटकाला १४.७५ टीएमसी पाणी वाढवून दिले. त्यातील ४.७५ टीएमसी बेंगळुरूच्या पिण्याच्या पाण्यासाठी होते. मधली अकरा वर्षे शहर वाढतच राहिले होते.

भूजलाच्या भरवशाचे काय झाले, ते २०२४ च्या उन्हाळ्याने दाखवले. सुमारे १४ हजार सरकारी कूपनलिकांपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा कार्यान्वित होऊन दररोज ७७५ दशलक्ष लिटर जास्तीचे पाणी त्या ११० गावांसाठी उपलब्ध झाले. हद्दीत आल्यापासून सतरा वर्षांनी! हे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आणि जवळपास पाचशे मीटर उंच चढवून आणावे लागते. पुढील प्रत्येक टप्पा याहून महाग असेल आणि नदीचा वाटा अमर्याद नाही.

अशा वेळी जबाबदारी घेणारी यंत्रणा हवी. परंतु शहराचा अमलात असलेला विकास आराखडा २००७ मध्ये मंजूर झालेला, २०१५ पर्यंतचा आहे. २०३१ सालासाठी दोन कोटी लोकसंख्या गृहीत धरणारा मसुदा तयार झाला आणि मागेही घेतला गेला. २०१५ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये एका महापालिकेच्या पाच झाल्या. विभागणीने कारभार जवळ येईल हा युक्तिवाद मान्य केला, तरी पाणी आणि वाहतूक या पाच हद्दी ओळखत नाहीत. त्यासाठीच ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली होती. ती कागदावर ठेवून चालणार नाही.

२०२७ ची गणना ही दुरुस्तीची संधी आहे. मजुरांच्या वसाहती, भाड्याच्या खोल्या आणि हद्दीबाहेरच्या वस्त्या तीत सुटू नयेत. दोन जनगणनांच्या मध्ये वीज व नळजोडण्या, शाळाप्रवेश आणि मालमत्ता नोंदी यांवरून प्रभागनिहाय वार्षिक अनुमान काढून ते प्रसिद्ध करणेही अवघड नाही. आणि नवे गाव हद्दीत घेताना त्याचे पाणी कोठून व केव्हा येणार, हे अधिसूचनेतच लिहिले जावे. २०१७ आणि २०२१ मध्ये ३४ गावे सामावून घेणाऱ्या पुण्यालाही हा नियम तितकाच लागू आहे. हद्द वाढवण्यास एक अधिसूचना पुरते. बेंगळुरूतील गावांना नळाच्या पाण्यासाठी सतरा वर्षे थांबावे लागले.