बावीस एकर आणि एक्याऐंशी हजार घरं

शेलू म्हणजे कर्जत तालुक्यातलं, नेरळच्या अलीकडचं छोटं स्टेशन. मार्च 2024 च्या शासन निर्णयाने शेलू आणि शेजारच्या वांगणीत मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी 81,000 घरं ठरली. त्यातली 30,000 शेलूत. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या कर्जत शहरात माणसंच तीस हजारांच्या आतबाहेर होती. घरटी चार डोकी धरली, तर एकट्या शेलूत कर्जतच्या चौपट वस्ती उभी राहणार.

एका घराची किंमत 15 लाख. साडेपाच लाख सरकारी अनुदान, साडेनऊ लाख कामगाराचे. गुणाकार करा: सगळ्या घरांचे 12,150 कोटी, त्यात अनुदान 4,455 कोटी. आकडा ऐकून छाती दडपते. सरकारने आणखी किती द्यायचं, असं वाटायला लागतं.

आता वरळीत या. 2023 मध्ये बॉम्बे डाइंगने तिथली 22 एकर गिरणीची जमीन सुमारे 5,200 कोटींना विकायचा सौदा केला. एकरी 236 कोटी! म्हणजे 81,000 कुटुंबांच्या अनुदानाचा सगळा खर्च 19 एकरांतच निघाला असता, वर तीन एकर शिल्लक. त्याआधी 2005 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे सरकारच्याच कंपनीने, मुंबई टेक्स्टाइल मिलची साधारण 17 एकर जमीन डीएलएफला 702 कोटींना दिली. सात वर्षांनी तीच जमीन लोढांनी 2,727 कोटींना घेतली. मधल्या काळात जमिनीवर वाढलं ते बहुतेक गवतच.

गिरण्यांची एकूण जमीन सुमारे 600 एकर. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम 58 नुसार तिचे ढोबळ तीन वाटे पडायचे होते: पालिकेला, म्हाडाला आणि मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती आली. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, इमारतींखालची मालकाकडेच. गिरणी म्हणजे शेड, चाळी, गोदामं. मोकळं असतं किती? 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती उचलून धरली. म्हाडाचा मूळ तिसरा वाटा 200 एकरांचा झाला असता. वरळीच्या दराने 47,000 कोटींच्या वर. प्रत्येक गिरणीला वरळीचा भाव येत नाही, हे कबूल. निम्मा धरा, तरी 81,000 घरांची पूर्ण किंमत फिटून बरंच उरतं. तेव्हा पैसा नव्हता ही सबब टिकत नाही. जमीन हातची घालवली आणि मग शंभर किलोमीटरवरच्या कर्जतच्या वाटेवर स्वस्त जागा शोधायला निघालो.

घरासाठी अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीत कामावर होतो, हे सिद्ध करायचं. त्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं तिकीट नंबराचं ओळखपत्र, पगारपत्रक, फंडाची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड. 1982 च्या गिरणी संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आता सत्तरीला टेकलाय. बँक त्याला वीस वर्षांचं कर्ज देणार नाही. भविष्य निर्वाह निधीची किमान पेन्शन 2014 पासून महिना 1,000 रुपये. एवढ्यावर जगणाऱ्याने ती सगळीच्या सगळी बाजूला टाकली, तर साडेनऊ लाख जमायला 79 वर्षं 2 महिने लागतील.

जुलै 2025 मध्ये हे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले. मुख्य मागणी होती: घर मुंबईतच द्या.