फिजिशियनची पाटी कशी वाचावी?



आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांमध्ये हल्ली एक चित्र वारंवार दिसते. मुले पुणे, बंगळूर किंवा अमेरिकेत, आणि इंदूरच्या घरात दोघेच. साखरेसाठी एक डॉक्टर, ब्लडप्रेशरसाठी दुसरे, गुडघ्यांसाठी तिसरे आणि झोपेसाठी चौथे. प्रत्येकाची फाईल वेगळी, गोळ्यांचा डबा मात्र एकच. हे सगळे एकत्र पाहणारा माणूस कोण, हा प्रश्न बहुतेक घरांत सुटलेला नसतो. वैद्यकशास्त्रात त्यासाठी नेमलेला माणूस आहे. तो म्हणजे इंटर्नल मेडिसिनचा डॉक्टर, ज्याला आपण नुसते 'फिजिशियन' म्हणतो.

मी डॉक्टर नाही. आयुष्य बँकेत गेले. तिथे कर्ज देण्यापूर्वी कागद वाचायची सवय लागली. तीच सवय डॉक्टरांच्या पाटीला आणि पर्च्याला लावली तर काय काय कळते, ते येथे मांडतो.

फिजिशियन म्हणजे नेमके कोण?

फिजिशियन शस्त्रक्रिया करत नाही. मोठ्या माणसांच्या शरीरातील आतल्या आजारांचे निदान करणे आणि औषधांनी उपचार करणे हे त्याचे काम. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, दमा, रक्ताची कमतरता, डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, न समजणारा ताप, कारण नसताना घटणारे वजन, हे सगळे त्याच्याकडे येते. हृदयतज्ज्ञ हृदय पाहतो, मूत्रपिंडतज्ज्ञ मूत्रपिंड पाहतो. फिजिशियन संपूर्ण माणूस पाहतो आणि कोणत्या तज्ज्ञाकडे कधी पाठवायचे हे ठरवतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्ज, विदेशी चलन, लॉकर यांचे अधिकारी वेगवेगळे असले, तरी ग्राहकाचा सगळा व्यवहार शाखा व्यवस्थापकाला माहीत असावा लागतो, तसेच हे.

डिग्रीची अक्षरे

एम.बी.बी.एस. हा पाया. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, असा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. त्यानंतर प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षे 'एम.डी. (जनरल मेडिसिन)' करतात, तेव्हा फिजिशियन तयार होतो. 'डी.एन.बी. (जनरल मेडिसिन)' लिहिलेले असेल तरी बिचकू नये. ती राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, त्याच पातळीची मान्यताप्राप्त पदवी आहे. त्याच्या पुढे आणखी तीन वर्षे शिकून 'डी.एम.' मिळते. हृदय, मेंदू, पोट, मूत्रपिंड, हार्मोन्स अशा एकेका विषयात ती असते. 'एम.आर.सी.पी.' ही ब्रिटनच्या रॉयल कॉलेजांची परीक्षा उत्तीर्ण झाल्याची खूण.

येथे तीन ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला, 'एम.डी.' या दोन अक्षरांपुढचा कंस. एम.डी. आयुर्वेदातही असते आणि होमिओपॅथीतही असते. त्या खऱ्या पदव्या आहेत आणि त्या पद्धतीचे उपचार हवे असतील तर तिथेच जावे. पण ॲलोपॅथीच्या फिजिशियनसाठी कंसात 'मेडिसिन' किंवा 'जनरल मेडिसिन' पाहिजे.

दुसरा, परदेशी एम.डी. रशिया, फिलिपाइन्स इत्यादी देशांत वैद्यकाच्या पहिल्याच पदवीला एम.डी. म्हणतात. म्हणजे ती आपल्या एम.बी.बी.एस.च्या बरोबरीची. ती घेऊन आलेले डॉक्टर येथील परीक्षा देऊन नोंदणी करतात आणि कायद्याने प्रॅक्टिस करतात. फक्त ती विशेषज्ञाची पदवी समजू नये.

तिसरा, 'जनरल फिजिशियन' हे शब्द. पुष्कळ दवाखान्यांवर ते लिहिलेले असतात आणि आत एम.बी.बी.एस. किंवा इतर पद्धतीचे डॉक्टर असतात. सर्दी-खोकल्याला गल्लीतला फॅमिली डॉक्टर उत्तमच. पण शब्दावर न जाता पदवी वाचावी.

काही पाट्यांवर फेलोशिप, सर्टिफिकेट, सदस्यत्व यांची लांब रांग असते. त्यात काही मोठे सन्मान असतात, तर काही थोड्या महिन्यांचे अभ्यासक्रम. 'डायबेटिसमधील सर्टिफिकेट' आणि 'डी.एम. (एंडोक्रायनॉलॉजी)' यांत वर्षांचा फरक आहे.

नोंदणी क्रमांक

बँकेत खाते क्रमांकाशिवाय व्यवहार नाही, तसे डॉक्टरांचे नोंदणी क्रमांकाशिवाय नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असावा आणि पर्चा, प्रमाणपत्र व पैशांची पावती या सर्वांवर असावा. फीसुद्धा फलकावर लिहावी आणि औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरात लिहावे, असेही त्यात आहे. एखाद्या शाखेची खास पात्रता नसताना स्वतःला त्यातील स्पेशालिस्ट म्हणवून घ्यायलाही मनाई आहे.

आपल्याकडील डॉक्टर बहुधा मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेले असतात. बडोद्याच्या मंडळींसाठी गुजरातची, बेळगावकरांसाठी कर्नाटकची, गोवेकरांसाठी गोव्याची कौन्सिल. पूर्वीच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या जागी २५ सप्टेंबर २०२० पासून नॅशनल मेडिकल कमिशन आले. त्याच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत नाव किंवा क्रमांक टाकून डॉक्टरांची नोंद शोधता येते. नातवंडांना सांगितले तर पाच मिनिटांचे काम. यात डॉक्टरांचा अपमान नाही. कागद पाहणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे मी ग्राहकांना सदतीस वर्षे सांगत आलो.

कॉलेजच्या नावावरूनही थोडे कळते. आपल्या इंदूरचे एम.जी.एम. मेडिकल कॉलेज १९४८ चे. त्याआधी १८७८ पासूनचे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल येथे होतेच. एम.वाय. हॉस्पिटलसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात शिकलेल्या डॉक्टराने तरुणपणीच असंख्य रुग्ण पाहिलेले असतात. तरी कॉलेजच्या नावावर सगळे ठरवू नये. डॉक्टर ऐकून घेतात का, तपासतात का, समजावून सांगतात का, हे दोन भेटींत लक्षात येते.

प्रॅक्टिसविषयी काय विचारावे?

पहिल्या भेटीत किंवा रिसेप्शनवर हे प्रश्न विचारून घ्यावेत:

- डॉक्टर कोणत्या रुग्णालयात रुग्ण भरती करतात? तिथे पूर्णवेळ आहेत की ठरावीक वारी येतात?
- ते रुग्णालय आपल्या विमा कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे का? आम्हा निवृत्त बँकवाल्यांच्या ग्रुप पॉलिसीतही ही यादी बदलत असते, म्हणून दर वर्षी नव्याने पाहावी.
- पुन्हा दाखवण्याची फी किती दिवसांत लागत नाही?
- डॉक्टर बाहेरगावी गेले तर कोण पाहते?
- व्हिडिओवर सल्ला देतात का? २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत डॉक्टर असा सल्ला देऊ शकतात. मुलगा परगावी असेल तर तोही त्या वेळी ऐकू शकतो.

एका डब्यातल्या दोन गोळ्या

याची गरज का, ते एका उदाहरणाने सांगतो. परिचयातील एका काकूंना सकाळी उठताच चक्कर येई. वय झाले, असे सगळे म्हणत. शेवटी एका फिजिशियनने घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगितली. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या, वेगवेगळ्या नावांच्या, वेगवेगळ्या रंगांच्या दोन गोळ्या निघाल्या. पाकिटावरचे मूळ नाव मात्र एकच, टेल्मिसार्टन. रक्तदाबाचे औषध दुप्पट जात होते. त्यांनी एक गोळी बंद केली, पुन्हा तपासले आणि चक्कर थांबली. कोणत्याही डॉक्टरची चूक नव्हती. कोणालाही दुसऱ्याचा पर्चा दाखवलेला नव्हता.

तसेच गुडघेदुखीच्या गोळ्यांचे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे रक्तदाब वाढवू शकतात आणि मूत्रपिंडावर ताण आणू शकतात. वय जास्त असेल आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. मेडिकलवरून आपल्या मनाने घेतलेली गोळीही फिजिशियनला सांगितलीच पाहिजे. आयुर्वेदिक काढे, चूर्णे हीसुद्धा सांगावीत. मात्र हे वाचून कोणी स्वतःच एखादी गोळी बंद करू नये. पिशवी भरून डॉक्टरांकडे न्यावी.

जाताना एका पानावर लिहून न्यावे: चालू औषधांची मूळ नावे व वेळा, जुने आजार, झालेली ऑपरेशने, कशाची ॲलर्जी आहे ते आणि आजचा त्रास केव्हापासून आहे. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावावेत. भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी डॉक्टराने तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात, असा नियम आहे. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स मात्र आपणही जपावी.

अपॉइंटमेंटची वाट पाहू नये

छातीत दडपण, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, शुद्ध हरपणे, अशा वेळी फिजिशियनला फोन लावत बसू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्रास किती वाजता सुरू झाला, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे.

माझी विनंती एवढीच की प्रत्येक घराने आजारी पडण्यापूर्वी एक फिजिशियन निश्चित करावा, त्यांचे नाव, रुग्णालय आणि औषधांची यादी फ्रिजवर लावावी, आणि तिचा फोटो परगावच्या मुलांना पाठवावा. शेजारी एकटे राहणारे कोणी असतील तर त्यांची यादीही लिहून द्यावी. पुष्कळांना अक्षरे बारीक दिसतात, म्हणून ती मोठ्या अक्षरांत लिहावी.

सर्वांना निरामय आरोग्य लाभो.