पाव टक्क्याचं पाणी

लासलगावजवळच्या विंचूरच्या उपबाजारात कांद्याची गाडी दोनदा तोलली जाते. लिलाव झाला की भरलेला ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढतो, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल ओतला जातो आणि रिकामी ट्रॉली परत काट्यावर येते. पहिल्या आकड्यातून दुसरा गेला की उरतो तो निव्वळ माल. या हिशेबात दहा-वीस किलोंची तफावत आली तर इथला शेतकरी काटेवाल्याला सोडत नाही. पण त्याच माणसाच्या अंगात आठवड्याभरात साडेतीन किलो पाणी चढलं, तर पायात चप्पल बसेनाशी होईपर्यंत घरात कुणाला पत्ता लागत नाही. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचा पंप कमी पडण्याचा आजार, आटोक्यात ठेवायला हीच दोन वजनं लागतात. पाणी चढलेलं शरीर म्हणजे भरलेली गाडी. सूज पूर्ण उतरल्यावरचं वजन, ज्याला डॉक्टर ‘ड्राय वेट’ म्हणतात, ती रिकामी. हे साडेतीन किलो येतात कुठून, ते मात्र पाहण्यासारखं आहे.

आधी पंपाचा हिशेब. धडधाकट हृदयाचं वजन सुमारे ३०० ग्रॅम. त्याचा डावा कप्पा एका वेळी १२० मिलिलिटर रक्ताने भरतो आणि त्यातलं ७० बाहेर ढकलतो. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ५ लिटर. शरीरात रक्तच साधारण तेवढं असतं, म्हणजे अख्खं रक्त मिनिटाला एक फेरी मारून येतं. दिवसाचे ठोके १ लाख ३ हजार ६८०, रक्त सुमारे ७,२०० लिटर. बाजाराच्या भाषेत ७६ क्विंटल, रोज. लासलगावच्या बाजारात अमावास्येला लिलाव बंद ठेवायची जुनी रीत होती. हृदयाला तीही सवलत नाही. ७० वर्षांत ठोके २६५ कोटी आणि रक्त साडेअठरा कोटी लिटर.

हे सगळं ओढणाऱ्या डाव्या कप्प्यात स्नायूपेशी २०० ते ४०० कोटी. मोठा अ‍ॅटॅक आला की काही तासांत त्यातल्या १०० कोटींच्या घरात पेशी मरू शकतात. कातडीच्या, रक्ताच्या पेशी मेल्या तर नव्या येतात. हृदयाच्या जवळजवळ येतच नाहीत. ‘जवळजवळ’ म्हणजे नेमकं किती, हे मोजायला अणुबॉम्ब कामी आला. १९६३ पर्यंत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ भरमसाट वाढला. हवेतून तो पिकांत उतरला, पिकांतून माणसांत आणि तिथून नव्याने बनणाऱ्या पेशींच्या डीएनएमध्ये. त्या वर्षांत पिकलेला कांदा ज्याने खाल्ला, त्याच्या नव्या पेशींवर जन्मसालाचा शिक्का बसला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन यांच्या गटाने हा शिक्का वाचला आणि २००९ मध्ये सांगितलं: पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाला १ टक्का बदलतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. या वेगाने १०० कोटींची भरपाई होणार कधी? होत नाही. तिथे व्रण पडतो, आणि उरलेला स्नायू ताणला जाऊन कप्पा फुगतो.

मग टू-डी इकोचा कागद हातात येतो. पंपिंग ३० टक्के. घरच्यांना वाटतं, ७० टक्के हृदय गेलं. पण शंभर कुणाचंच नसतं. पंपिंग म्हणजे कप्प्यात भरलेल्या रक्तातलं ठोक्याला बाहेर पडणारं प्रमाण; वरच्या हिशेबाने, १२० पैकी ७०, धडधाकट माणसाचंही ५८ येतं. शिवाय फुगलेल्या कप्प्यात समजा २०० मिलिलिटर रक्त मावत असेल, तर त्याचे ३० टक्के म्हणजे ६०. ठोक्यामागे तूट फक्त १० मिलिलिटरची, आणि तीही हृदय भरून काढतं: ७२ ऐवजी ८४ ठोके. ८४ गुणिले ६०, उत्तर तेच, ५ लिटर. म्हणून ओट्यावर बसलेला माणूस अगदी ठणठणीत दिसतो. श्रमाच्या वेळी धडधाकट हृदय मिनिटाला १५-२० लिटरपर्यंत जातं. फुगलेल्या हृदयाला ते झेपत नाही, मग बांधावरून घरापर्यंत येतानाच दम लागतो. आणि त्या जादा १२ ठोक्यांची किंमत? दिवसाला १७,२८०, वर्षाला ६३ लाख ठोके, तेही आधीच जायबंदी झालेल्या स्नायूकडून.

ही धडपड हृदयाच्या भल्यासाठीच आहे, असं डॉक्टरांनाही बरीच वर्षं वाटत होतं. ठोके मंदावणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या अशा रुग्णाला वर्ज्य होत्या. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टीन यांनी १९७५ मध्ये उलटा अनुभव छापला: हळूहळू दिल्या तर या गोळ्यांनी हृदय सुधारतं. रुग्ण किती? सात. सात माणसांवरून कोण ऐकणार! ऐकायला १९९९ उजाडलं. त्या वर्षी मेटोप्रोलॉलच्या ३,९९१ रुग्णांवरच्या चाचणीत मृत्यूचा धोका ३४ टक्क्यांनी घटला.

आता ते साडेतीन किलो. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं साधारण १७८.५ लिटर परत रक्तात घेतात. उरलेली दीड लिटर लघवी. परत घेण्याचं प्रमाण झालं ९९.१७ टक्के. दमलेल्या हृदयाकडून रक्त कमी जोराने आलं की मूत्रपिंडांची समजूत होते की अंगातलं पाणी आटलं. ती जरा राखून खर्च करतात: ९९.१७ ऐवजी ९९.४४. फरक पाव टक्क्याहून किंचित जास्त. पण १८० लिटरवर तो अर्धा लिटर होतो, रोज, आणि आठवड्याला साडेतीन. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून उचलला की तिथे खळगा राहतो आणि सावकाश भरतो. रात्री आडवं झाल्यावर हेच पाणी छातीकडे सरकतं. मग एका उशीच्या दोन होतात, दोनाच्या तीन, आणि शेवटी आजोबा भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डुलक्या काढतात. ‘वय झालं’ या दोन शब्दांत घरात हे सगळं खपून जातं.

पाणी एकटं थांबत नाही. साठलेल्या दर लिटरमागे जवळपास ९ ग्रॅम मीठ असतं, सलाईनच्या बाटलीत लिटरमागे असतं तेवढं. साडेतीन लिटरमागे ३० ग्रॅमच्या आसपास झालं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. तरीही मिठाची इतकी धास्ती घ्यावी का, याबद्दल मला शंका आहे. २०२२ मध्ये ८०६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मीठ फार काटेकोर तोडूनही मृत्यू किंवा दवाखान्यातल्या भरत्या घटल्याचं दिसलं नाही. पापड-लोणचं जावं, पण कालवण इतकं अळणी होऊ नये की म्हातारा माणूस भाकरीवरूनच उठेल. पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी मात्र आपलं काम चोख करते. ४० मिलिग्रॅमच्या गोळीने लिटरभर पाणी गेलं, तर ती स्वतःच्या पंचवीस हजारपट वजन बाहेर काढते. तिने श्वास मोकळा होतो. आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही.

आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्या वेगळ्या, आणि त्यांचे आकडे मजेदार आहेत. १९८७ मध्ये उत्तर युरोपात २५३ अत्यवस्थ रुग्णांपैकी निम्म्यांना एनालाप्रिल दिलं. सहा महिन्यांत गोळी नसलेल्यांपैकी ४४ टक्के गेले, गोळी घेणाऱ्यांपैकी २६. इतका ढळढळीत फरक दिसायला २५३ माणसं पुरली. २०१४ मध्ये त्याच एनालाप्रिलसमोर सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन उभं केलं तेव्हा ८,३९९ रुग्ण लागले, आणि मृत्यू १९.८ टक्क्यांवरून १७ वर आले. इलाज जितका सुधारतो तितका पुढचा फायदा बारीक होतो, आणि तो दिसायला गर्दी मोठी जमवावी लागते. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनने २०१९ मध्ये ४,७४४ हृदयरुग्णांत गुण दाखवला. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचं भारतातलं पेटंट संपलं आणि गोळी स्वस्त झाली. हृदयरोपणाचा मार्ग आहेच. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी देशातलं पहिलं केलं, रुग्ण काही तासच जगला. आज जगभरात वर्षाला दहा हजारांच्या आसपास रोपणं होतात, आणि हार्ट फेल्युअरचे रुग्ण आहेत सहा कोटींच्या वर. रोपणाची वाट पाहण्यापेक्षा गोळ्यांचाच हिशेब नीट लावलेला बरा.

तो हिशेब आपल्याकडे कसा आहे? भारताच्या राष्ट्रीय नोंदवहीत ५३ रुग्णालयांतले १०,८५१ रुग्ण आहेत. सरासरी वय ६० च्या आत. पाश्चात्त्य देशांत ते सत्तरीच्या आसपास असतं. शंभरातल्या ७२ जणांचं मूळ कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार. ९० दिवसांत १४.२ टक्के दगावले, म्हणजे साताला एक. आणि ज्यांना ठरलेली औषधं द्यायला हवी होती, त्यांच्यापैकी ती मिळाली ४७.५ टक्क्यांना. लेखातल्या या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत अचाट वाटतो तो हा. साडेअठरा कोटी लिटर हृदय गुपचूप ओढतं. अडलंय ते तीन-चार गोळ्यांच्या पाकिटांपाशी.

रोज वजन करा, हे प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर असतं. वजन भरतीच्या किमान आठवडाभर आधी चढायला लागतं, हेही खरं. पण अमेरिकेत १,६५३ रुग्णांपैकी निम्म्यांना रोजचं वजन आणि त्रास फोनवरच्या यंत्राला कळवायला लावलं, तेव्हा २०१० मध्ये निकाल आला तो शून्य फायद्याचा. आकडा ऐकून कुणी गोळी बदलत नसेल तर काटा काय करणार? उलट २०२२ च्या दुसऱ्या चाचणीत १,०७८ रुग्णांपैकी निम्म्यांना घरी सोडल्यावर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात बोलावलं, आणि दोन आठवड्यांत डोस पूर्ण मात्रेला नेले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती २३.३ टक्क्यांवरून १५.२ वर आली.

विंचूरहून नाशिक पन्नास-पंचावन्न किलोमीटर. चार खेपांचे जाऊन-येऊन चारशेच्या वर किलोमीटर होतात, सोबत एक धट्टाकट्टा माणूस लागतो, आणि उन्हाळ कांद्याच्या काढणीत तो मिळत नाही. म्हणून दुसरी खेप पुढे ढकलली जाते आणि सुरुवातीचा छोटा डोसच वर्षभर चालू राहतो. पण त्या चार भेटींत तपासतात काय? दम आणि सूज, रक्तदाब, नाडी, वजन, आणि रक्तातलं पोटॅशियम नि क्रिएटिनिन. एवढ्यासाठी लासलगाव किंवा निफाड पुरे. आकडे नाशिकच्या डॉक्टरांना फोनवर कळवता येतात, आणि डोस वाढवायचा की थांबायचं हे त्यांनी तिथूनच सांगावं.