विश्लेषण : कुंपणाआडच्या एलिसाबद्दल शेवंती काय सांगते?

जॉन स्टाइनबेक यांची ‘द क्रिसॅन्थेमम्स’ ही कथा ऑक्टोबर १९३७ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात प्रसिद्ध झाली. क्रिसॅन्थेमम म्हणजे आपली शेवंती. कथेत घडते ते इतकेच : एक फिरता कारागीर एका बाईकडून शेवंतीचे फुटवे घेतो आणि वाटेत फेकून देतो. एवढ्याशा घटनेतून तिची घुसमट कशी कळते?

तिला कोंडले कोणी?

तसे कोणीच नाही. पस्तिशीतली एलिसा अ‍ॅलन कॅलिफोर्नियातील सलिनास खोऱ्यात राहते. नवरा हेन्री भला माणूस आहे. घरात मारहाण नाही, दाराला कुलूप नाही. म्हणूनच तिची तक्रार तिला स्वतःलाही शब्दांत मांडता येत नाही. ते काम वस्तू करतात. सुरुवातीलाच डिसेंबरचे धुके खोऱ्यावर बसते, भांड्यावर झाकण बसावे तसे. बागेला तारेचे कुंपण आहे, ते गुरे-कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून. पण आत एलिसाही आहे. ३० बैलांचा सौदा कुंपणापलीकडे होतो आणि तिला तो नंतर कळतो. तिच्या दहा इंची फुलांचे हेन्रीला कौतुक आहे, पण एवढी मोठी सफरचंदे पिकवलीस तर बरे, असेही तो म्हणून जातो.

हातमोजे आणि हॅट

एलिसाच्या डोक्यावर पुरुषी हॅट, पायांत जड बूट, हातांत चामड्याचे मोजे. अंगावरचा फुलांचा झगा जाडजूड एप्रनखाली जवळपास दिसेनासा झालेला. भांडी सांधणारा, कात्र्यांना धार लावणारा कारागीर येतो तेव्हा ती त्याला काम द्यायला साफ नकार देते. तो शेवंतीची चौकशी करतो आणि सारे पालटते. हातमोजे विसरले जातात, हॅट निघते, केस मोकळे होतात. कळ्या खुडताना बोटांनाच सगळे कसे उमगते, हे ती त्याला जीव तोडून सांगते.

फुले म्हणजे न झालेली मुले?

हा अर्थ अनेकदा लावला जातो. कथेत मुलांचा उल्लेख नाही, त्यामुळे त्याला आधारही आहे. पण तेवढ्यावर थांबले की एलिसा फारच लहान होते. तिला कारागिराचे भटके जगणे हवेसे वाटते. कात्रीला धार मलाही लावता येते, भांड्याचे पोचे मलाही काढता येतात, असे ती ठणकावते. बाईला हे जगणे झेपायचे नाही, हे त्याचे उत्तर.

कुंडी कुठे गेली?

फुटवे तिने लाल कुंडीत घालून दिलेले असतात. संध्याकाळी नवऱ्याबरोबर मोटारीतून गावात जेवायला जाताना तिला रस्त्यावर एक काळा ठिपका दिसतो आणि ती ओळखते. फुटवे फेकले, कुंडी ठेवून घेतली. मंदीच्या दिवसांत पोटासाठी फिरणाऱ्याला कुंडीचे मोल कळते. त्याला खलनायक ठरवण्याची गरज नाही. एलिसाच्या हातांनी जे वाढवले, त्याला मात्र बाजारात किंमत नाही.

पुढे ती हेन्रीला जेवणाबरोबर वाइन घेऊ या का, असे विचारते. मग मुष्टियुद्धाच्या सामन्यांत पुरुषांना फार लागते का, बायकाही ते बघायला जातात का, याची चौकशी करते. न्यायला तो तयार होतो, पण आता तिलाच नको असते. ती कोटाची कॉलर वर करते, डोळ्यांतले पाणी हेन्रीला दिसू नये म्हणून.